घरी पेशंट, आठ महिने: कॉट ठीक, ब्युरो बरा, एअरबेडच्या पंपाने मात्र घात केला

पंप चौथ्या महिन्यात गेला. सरळ बंद पडला असता तर परवडलं असतं. हिरवा दिवा चालू, घर्र आवाज चालू, गादी हाताला टणक, आणि तरी पेशंटच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग, बोटाने दाबला तरी पांढरा न पडणारा, म्हणजे बेडसोअरची, पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात. गाव निपाणी, पेशंट ऐंशीच्या पुढचा, लकव्यानंतर अंथरुणाला खिळलेला. कॉट म्हणजे दवाखान्यातल्यासारखी हँडलची खाट, एअरबेड म्हणजे पंपाने ओळी आलटून-पालटून फुगणारी गादी, आणि ब्युरो म्हणजे पेशंट सांभाळायला घरी मावशी पाठवणारे.

आधी कॉट, कारण तिच्याबद्दल तक्रार कमी. भाड्याने सेमी-फाउलर स्वस्त मिळते, पण तिला एकच हँडल असतं आणि फक्त डोक्याकडची बाजू उचलते. पेशंट पायथ्याकडे घसरतो. घसरताना कातडी चादरीला धरून राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं. बेडसोअरची सुरुवात बऱ्याचदा तिथेच. दोन हँडलची फुल फाउलर घ्या. आधी गुडघ्याखालची बाजू थोडी उचलायची, मग डोक्याकडची. महिन्याला दोन-तीनशे जास्त गेले तर जाऊ द्यात. ताब्यात घेताना दोन्ही हँडलं शेवटापर्यंत फिरवून बघा. मध्येच कट-कट करून रिकामं फिरलं तर आटे गेलेत. जुन्या घरांच्या अडीच फुटी दारातून तीन फुटी कॉट सरळ जात नाही, डोक्याची आणि पायाची फळी काढून आडवी न्यावी लागते, तेव्हा माणूस पाने घेऊनच येऊ दे. कोल्हापूरवाला भाडं कमी सांगतो, पण टेम्पो जाऊन-येऊन, कोगनोळीच्या टोलसकट, आपल्या अंगावर. थोड्या दिवसांची गरज असेल तर गावातलीच बरी.

आता गादी.

विकणारा सांगतो, ‘एअरबेड आहे, वळवायची गरज नाही.’ हे साफ खोटं. एअरबेड असला तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते: डावी, पाठ, उजवी. कुशीवर म्हणजे पूर्ण आडवा नाही, पाठीमागे उशी लावून साधारण तीस अंश कललेला. टाचा पोटरीखाली उशी देऊन अधांतरी. वळवायला किंवा वर सरकवायला जुन्या सुती नऊवारीची चौपदरी घडी खांद्यापासून मांडीपर्यंत खाली घालून ठेवायची. दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलायचं, ओढायचं नाही. लाल झालेल्या जागेवर स्पिरिट आणि पावडर चोळण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. ती सोडा, चोळल्याने आतली नाजूक झालेली जागा आणखी फाटते. मध्ये भोक असलेली रबरी रिंगही नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा दाबला जातो. आणि मऊ लागावं म्हणून एअरबेडवर गोधडी घालणाऱ्यांनी एअरबेड घेतलाच कशाला? वर एक सुती चादर, बस्स.

पंपाचं मूळ दुखणं असं. आत दोन वेगवेगळी कामं चालतात. एका चुंबकाची दांडी थरथरते आणि तिच्या टोकांचे रबरी पडदे, म्हणजे डायफ्रॅम, हवा ढकलतात. फिश टँकच्या पंपात असतं तेच. दुसरीकडे एक अगदी संथ फिरणारी मोटार हवा कधी एका नळीत, कधी दुसऱ्या नळीत सोडते, त्यामुळे ओळी आलटून-पालटून फुगतात. डायफ्रॅम फाटला तर गादी बसते आणि लगेच कळतं. ती संथ मोटार अडकली तर काहीच कळत नाही. एकच ओळ कायम फुगलेली, दुसरी कायम बसलेली, म्हणजे साध्या गादीपेक्षाही वाईट, कारण दाब त्याच त्याच जागी. हिरव्या दिव्याचा अर्थ फक्त करंट आहे एवढाच. या यंत्राला ओळ बदलली नाही हे सांगणारा एक दिवा लावायला कंपनीला किती खर्च आला असता?

म्हणून रोज सकाळी ही तपासणी. पायथ्याकडे, जिथे अंग टेकत नाही, शेजारच्या दोन ओळींवर पेनने ‘अ’ आणि ‘ब’ लिहून ठेवा. कोणती टणक आहे ते बघा, घड्याळ लावा. साधारण दहा-बारा मिनिटांच्या फेरीत त्यांची अदलाबदल झालीच पाहिजे. अर्ध्या तासात एकदाही अदलाबदल झाली नाही तर मोटार गेली. मग पेशंटच्या माकडहाडाखाली, गादीच्या खालच्या बाजूने, हात सरकवायचा: हाड हाताला टेकलं तर हवा कमी, मध्ये इंचभर हवा लागली तर ठीक. पंपावरची हवेच्या दाबाची खुंटी पेशंटच्या वजनाप्रमाणे लावायची, ‘फुल’वर ठेवली की गादी दगडासारखी होते.

दुरुस्ती? विकणाऱ्याने पंप कुरिअरने मागितला, पंधरा दिवस लागतील म्हणाला. पंधरा दिवस पेशंटने हवेत तरंगायचं का? मिक्सर-फॅन दुरुस्त करणाऱ्याने चार स्क्रू काढून दहा मिनिटांत दोष दाखवला. डायफ्रॅमचं माप जुळलं तर फिश टँकच्या दुकानातला बसतो, जुना हातात घेऊनच जायचं. मोटार मात्र तशी मिळत नाही. मायक्रोवेव्हची ताटली फिरवणारी दिसायला तशीच असते, पण तिचा वेग फार जास्त, लावू नका.

पहिले दोन-तीन महिने मत होतं की बबलची (फुगवट्यांची) गादी म्हणजे पैसे पाण्यात, ट्यूबची (आडव्या सुट्या नळ्यांची) घ्यायला हवी होती. आता तसं वाटत नाही. पेशंट जड असेल किंवा जखम आधीच झाली असेल तर ट्यूबचीच घ्या. नाहीतर बबलची आणि शिल्लक पैशात दुसरा पंप, नळीचा व्यास जुळतो का ते बघून.

लाइट गेली की बबलची गादी तासाभरात बसते. पंप जेमतेम दहा वॉटचा, पण बऱ्याच घरांत इन्व्हर्टरची लाइन फक्त पंख्या-दिव्याला असते, सॉकेटला नसते. वायरमनला सांगून त्या खोलीतलं एक सॉकेट इन्व्हर्टरवर घ्या. वायफायचा छोटा यूपीएस इथे चालत नाही, तो बारा व्होल्टचा आणि पंप २३० चा. बिलाची काळजी नको: दिवसरात्र चालवून महिन्याला सात युनिट. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचं, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या यंत्राचं, तसं नाही. साडेतीनशे वॉटचं यंत्र चोवीस तास चाललं तर महिन्याला अडीचशे युनिट होतात, आणि कर्नाटकच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत २०० च्या वर गेलात की सगळंच बिल भरावं लागतं.

सत्तरीच्या वरच्यांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड (सरकारी मोफत उपचाराचं) काढून ठेवा, पण त्याचा उपयोग दवाखान्यात भरती झाल्यावरच. कॉटचं भाडं, मावशीचा पगार, डायपर, यातलं काही त्यात बसत नाही.

मावशी. ब्युरोवाले ‘नर्स’ म्हणून जिला पाठवतात ती बहुतेक वेळा नर्स नसते, मदतनीस असते. पुसणं, भरवणं, वळवणं तिचं काम. रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी भरवायची नळी) घालणं, कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं तिच्याकडून करून घेऊ नका. त्यासाठी गावातल्या निवृत्त सिस्टर घरी येतात, दर खेपेला पैसे घेतात, ते योग्यच आहेत. साधा लॅटेक्सचा कॅथेटर लवकर बदलावा लागतो, सिलिकॉनचा महाग पण जास्त टिकतो. खेपांचा हिशेब केला तर सिलिकॉन स्वस्त. युरिनची पिशवी कॉटच्या सांगाड्याला अडकवा, कठड्याला नाही. कठडा वर केला की पिशवीही वर जाते आणि लघवी उलटी फिरते. ट्यूबने भरवताना डोकं तीस ते पंचेचाळीस अंश वर, आणि नंतर तासभर तसंच.

बेळगावच्या ब्युरोतून आलेल्या मावशींना अनेकदा कन्नडच येतं आणि पेशंटला मराठीच. भिंतीवर मोठ्या अक्षरांत चिकटवा: नोवु म्हणजे दुखतंय, नीरु म्हणजे पाणी, साकु म्हणजे बास, बेडा म्हणजे नको. आठ दिवसांत दोघांचं जमतं. सुट्ट्यांचं मात्र आधीच लिहून घ्या. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेच्या पौर्णिमेला बदली माणूस मिळत नाही, तेव्हा घरातल्या दोघांनी ते दिवस धरूनच ठेवायचे.

दुसरा पंप आता कपाटात आहे. महिन्यातून एक दिवस तोच लावायचा आणि पहिल्याला विश्रांती द्यायची. नुसता पडून राहिला तर रबर कडक होतं आणि ऐनवेळी तोही फक्त हिरवा दिवा दाखवतो.