नाकावरचा मास्क की नाकाखालचा?

झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून सतत दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन लागणार हे एकदा ठरलं की जो तो मशीनचीच चौकशी करतो. मला विचाराल तर आधी मास्कचं बघा. मशीन रात्रभर उशाशी गप पडलेलं असतं. चेहऱ्यावर सहा-सात तास असतो तो मास्क. त्याच्याशी जमलं नाही तर उत्तम मशीनही महिन्याभरात कपाटात जातं. मी दोन प्रकार नीट वापरले आहेत. पहिलं वर्षभर नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस, आणि तेव्हापासून आजतागायत नाकाखाली टेकणारा छोटा मास्क.

फुल फेसची बाजू भक्कम आहे, हे आधीच सांगतो. सर्दीने नाक चोंदलं तरी उपचार चालू राहतो. झोपेत तोंड उघडलं तरी हवा वाया जात नाही. प्रेशर जास्त असलं तरी झोत थेट नाकपुडीत घुसत नाही. मी तोंडाने श्वास घेतो अशी माझी समजूत होती, म्हणून तोच घेतला.

वर्षभर मला छळलं ते डोळ्याने. या मास्कची वरची कड नाकाच्या हाडावर, डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांशी टेकते. उताणं झोपून नीट बसवलेला मास्क मी कुशीवर वळलो की उशीने जरासा सरकायचा आणि हवेची बारीक धार सरळ डोळ्यात. रात्री दोन-तीनला जाग यायची तेव्हा डोळा कोरडा पडून चुरचुरत असायचा. मग पट्टे आवळायचे. सकाळी नाकावर लाल वळ. पुढे तिथली कातडी सोलली, आणि सोललेल्या जागी रोज रात्री तीच कड टेकवायची.

आवळून का भागत नाही ते मला फार उशिरा कळलं. सिलिकॉनच्या गादीला बहुधा दोन पदर असतात. आतला जाड पदर आधार देतो, बाहेरचा पातळ पदर मशीनच्या हवेने फुगून कातडीला लागतो. पट्टा जास्त ओढला की हा पातळ पदरच चेपतो, त्याला सुरकुत्या पडतात आणि गळती उलट वाढते. शिवाय साधा हिशेब आहे. 10 सेंटिमीटर पाण्याचा दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 10 ग्रॅम. मास्कखालची जागा 80 चौरस सेंटिमीटर धरली, तर हवा त्याला 800 ग्रॅमच्या जोराने चेहऱ्यापासून ढकलत असते. पट्ट्यांना निदान तेवढं तरी ओढून धरावं लागतं, आणि त्यातला बराच भार येतो नाकाच्या हाडावर, जिथे कातडीखाली मांस जवळजवळ नाहीच. नाकाखालच्या मास्कची जागा 15 धरली तर हाच आकडा 150 वर येतो. ऑस्ट्रेलियन डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये सिडनीहून सीपॅपचे पहिले प्रयोग प्रसिद्ध केले. त्या सुरुवातीच्या काळात रुग्णाच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घेऊन मास्क बनवत आणि रोज रात्री तो सिलिकॉनने चिकटवत. ते वाचलं तेव्हा माझ्या आवळाआवळीचं कारण मला पटलं. हाडाच्या उंचवट्यावर हवा अडवून धरणं मुळातच अवघड आहे.

नाकाखालचा मास्क त्या उंचवट्याला शिवतच नाही, त्यामुळे डोळ्याचा त्रास त्याच रात्री संपला. झोपण्याआधी चष्मा लावून वाचता येऊ लागलं, हेही माझ्यासाठी लहान सुख नव्हतं. पण पहिला आठवडा नाकपुड्यांची कड हुळहुळली. प्रेशर वाढलं की झोत अंगावर येतो. दाट मिशी असेल तर तिथून हवा निसटते. आणि तोंड उघडलं तर घसा कोरडाठक. मला त्याचीच धास्ती होती. मशीनमधला हवा दमट करणारा ह्युमिडिफायर थोडा वाढवला, झोपण्याआधी मिठाच्या पाण्याने नाक धुऊ लागलो, आणि दोनेक आठवड्यांत तोंड आपोआप मिटून राहू लागलं. तोंडाने श्वास घ्यायची सवय बहुधा चोंदलेल्या नाकामुळेच होती.

अर्थात हे माझ्या नाकाचं झालं. नाकाचं हाड बरंच वाकडं असेल, बारमाही नाक बंद राहत असेल, तर फुल फेसच बरा. त्यातही नाकाखाली टेकून तोंड झाकणारे मास्क मिळतात, ते आधी बघा. काहींच्या बाबतीत फुल फेसचे पट्टे खालचा जबडा मागे ढकलतात आणि प्रेशर जास्त लागतं, हेही डॉक्टरांना विचारून ठेवा. पेसमेकर असेल तर लोहचुंबकाच्या क्लिपा असलेला मास्क नको, शेजारी झोपणाऱ्याला असेल तरीही. आणि कोणताही मास्क बसून बघू नका. आडवे व्हा, मशीन तुमच्या नेहमीच्या प्रेशरवर चालू करा, दोन्ही कुशींवर वळून बघा.

जुना फुल फेस मी सर्दीसाठी ठेवला आहे. मागच्या सर्दीत चार रात्री लावला. पाचव्या रात्री नाक अर्धंच मोकळं होतं, तरी हात नाकाखालच्या मास्ककडेच गेला.