‘डिडक्टिबलचं आम्ही बघतो’ म्हणणारा रूफर

अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्लेनो, मॅकिनी या पट्ट्यात आता आपली पुष्कळ माणसं घरं घेऊन राहिली आहेत. वसंतात गारा पडल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न येतो, "कुणी चांगला रूफर सांगाल का?" रूफर म्हणजे छप्पर घालून देणारा. आमची फसवणूक या प्रश्नाच्या उत्तरातूनच सुरू झाली. ज्यांनी नाव सुचवलं ते घरोब्यातले, सणावाराला येणारे-जाणारे. त्यांना प्रत्येक नव्या गिऱ्हाईकामागे अडीचशे डॉलर मिळत होते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. इथे हे सर्रास चालतं आणि त्याला ‘रेफरल फी’ असं गोंडस नाव आहे. म्हणून सुचवणाऱ्याला सरळ विचारावं, तुम्हाला यात काही मिळतं का? विचारायला संकोच वाटतो खरा, पण विचारावं.

स्लॅबच्या घरात वाढलेल्या, गच्चीवर पापड वाळवलेल्या आपल्यासारख्यांना इथलं छप्पर समजायला वेळ लागतो. लाकडी सांगाडा, त्यावर फळ्या, फळ्यांवर फेल्ट, म्हणजे पाणी अडवणारा जाड कागद, आणि सगळ्यात वर डांबरी शिंगल, म्हणजे एकावर एक ठोकलेल्या चपट्या पट्ट्या. गारेच्या माराने शिंगलवरचे खडीचे दाणे निघून जातात आणि खालचं डांबर उघडं पडतं. लगेच गळत नाही आणि जमिनीवरून काही दिसतही नाही. नुकसान किती, हे शिडी लावून वर गेलेला माणूस सांगेल तेवढंच. काही बिलंदर वर जाऊन नाण्याने किंवा हातोडीने स्वतःच खुणा पाडतात. आमच्याकडे ती मेहनत घ्यावी लागली नाही, गारा खऱ्याच पडल्या होत्या.

सेल्समन गोड बोलणारा होता. वर चढण्याआधी त्याने टॅबलेट पुढे केला आणि माझ्या नवऱ्याला सांगितलं, "फक्त छपरावर चढायची परवानगी हवी, विम्यासाठी लागते." सही झाली. ईमेलवर आलेली प्रत मी नंतर नीट वाचली तेव्हा कळलं की तो पूर्ण करार होता: विमा कंपनीने दावा मंजूर केला तर काम याच कंपनीला द्यायचं, नाही दिलं तर दंड. शिवाय ‘आम्ही तुमच्या वतीने विमा कंपनीशी वाटाघाटी करू’ असं एक कलम. टेक्ससमध्ये जो छप्पर घालणार आहे, त्याला त्याच घराच्या दाव्याची वाटाघाटी करता येत नाही. म्हणजे ते कलमच बेकायदा. दारावर येऊन घेतलेल्या अशा सह्या सहीनंतरच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत लेखी रद्द करता येतात आणि तसं सांगणारा कागद विकणाऱ्याने द्यायचा असतो. आम्हाला तो दिला नव्हता.

आता पैशांकडे येते, कारण सगळी मेख तिथेच आहे. डिडक्टिबल म्हणजे नुकसानीतला आपण स्वतः भरायचा वाटा. इथल्या पॉलिसीत वारा आणि गारांसाठीचं डिडक्टिबल बहुधा ठरावीक रक्कम नसतं, घराच्या विम्याच्या रकमेच्या १ किंवा २ टक्के असतं. आमचं घर साडेचार लाख डॉलरला विम्यात आहे, त्याचे २ टक्के म्हणजे ९,०००. विमा कंपनीच्या माणसाने नवीन छपराचा खर्च २४,००० धरला. त्यातून छपराच्या वयाचा घसारा ७,००० आणि डिडक्टिबल ९,००० वजा जाऊन पहिला चेक ८,०००चा आला. घसाऱ्याचे ७,००० काम पूर्ण झाल्यावर, बिल दाखवल्यावर मिळतात. चेकवर गृहकर्ज देणाऱ्या कंपनीचंही नाव असतं, त्यामुळे तो त्यांच्याकडून सही होऊन येईपर्यंत थांबावं लागतं. या मधल्या काळात सेल्समन रोज फोन करत होता, "माल महाग होतोय, मॅम."

आणि मग ते वाक्य: "तुमच्या अंगणात आमची पाटी लावू द्या, डिडक्टिबलचं आम्ही बघतो." वर फुकटात क्लास ४ शिंगलही देतो म्हणाला. गारांना टिकणाऱ्या या शिंगलवर टेक्ससमध्ये विमा कंपन्या हप्त्यात सवलत देतात, म्हणून ऐकायला फार बरं वाटतं. पण जरा बेरीज करा. काम २४,०००चं. हातात येणार ८,००० आणि मागाहून ७,०००, म्हणजे १५,०००. उरलेले ९,००० कोण भरणार? छप्पर भरणार. तेवढ्याचं सामान आणि मजुरी त्यातून कापली जाणार. पाटी लावू दिली म्हणून ९,००० डॉलर देणारी कंपनी टेक्ससमध्येच काय, कुठेच नसते. १ सप्टेंबर २०१९पासून तर असं डिडक्टिबल माफ करणं किंवा परस्पर भरणं हा इथे रूफरसाठी गुन्हा आहे आणि ‘डिडक्टिबल विमाधारकानेच भरायचं’ अशा अर्थाची सूचना विम्यातून होणाऱ्या कामाच्या करारात ठळक छापणं बंधनकारक आहे. आमच्या करारात ती सूचनाच नव्हती. मला विचाराल तर हा एक मुद्दा बाकी सगळ्या चौकशीहून मोठा आहे: सूचना छापलेली नसेल तर त्या माणसाला दारातूनच परत पाठवा.

काम एका दिवसात उरकलं. सकाळी माणसं आली, संध्याकाळी अंधार पडेपर्यंत ठोकाठोक, मग चुंबकाने अंगणातले खिळे गोळा केल्यासारखं करून गेली. नंतर विमा कंपनीने घसाऱ्याचे पैसे देण्याआधी डिडक्टिबल भरल्याचा पुरावा मागितला. तसा तो मागण्याचा त्यांना कायद्याने हक्क आहे. रूफरने लगेच ९,००० मिळाल्याची पावती बनवून पाठवली आणि खाली आमची सही मागितली. खोट्या पावतीवर सही म्हणजे विम्याची फसवणूक, आणि तीही आमच्या नावावर. व्हिसावर राहणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ काय होतो हे वेगळं सांगायला नको. आम्ही नकार दिला. तोवर ‘मॅम, मॅम’ करणारा माणूस एकदम उलटला. सही करा, नाहीतर घरावर लीन टाकतो, म्हणजे बोजा चढवतो, अशी धमकी आली. त्यापाठोपाठ ज्यांच्याकडून त्याने शिंगल उचलले होते त्या दुकानाची नोटीस आली. आमचे ८,००० घेऊन त्याने मालाचे पैसेच चुकते केले नव्हते.

इथे वकिलाने सांगितलेली गोष्ट सगळ्या जोडप्यांनी लक्षात ठेवावी. टेक्ससमध्ये राहत्या घरावर, म्हणजे होमस्टेडवर, दुरुस्तीच्या कामाचा लीन लागायचा असेल तर काम सुरू होण्याआधी लेखी करार लागतो, त्यावर नवरा-बायको दोघांच्याही सह्या लागतात आणि तो काउंटी क्लार्ककडे, म्हणजे जिल्ह्याच्या नोंदणी कचेरीत, नोंदवलेला असावा लागतो. माझी सही त्या टॅबलेटवर नव्हतीच. वकिलाचं एक पत्र गेलं आणि लीनची भाषा बंद झाली. पुढे कुणाला काम दिलंच, तर दुकानाचा आणि रूफरचा असा दोघांच्या नावाने चेक द्यावा, किंवा दुकानाकडून पैसे मिळाल्याचा आणि बोजाचा हक्क सोडल्याचा कागद, म्हणजे लीन रिलीज, हातात घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नये.

छपराची हकिगत पावसाने उघड केली. चिमणीजवळ छताला डाग आला, म्हणून आम्ही पैसे देऊन एक स्वतंत्र इन्स्पेक्टर वर चढवला. विकायला काही नसलेला माणूस वर जाणं किती वेगळं असतं! त्याने एक शिंगल उचलून पाठ दाखवली. क्लास ४च्या शिंगलवर यूएल २२१८ ही चाचणी आणि वर्ग छापलेला असतो, आमच्या शिंगलवर काहीच नव्हतं. चिमणीभोवतीची पत्र्याची फ्लॅशिंग, म्हणजे सांध्यातून पाणी शिरू न देणारी पट्टी, जुनीच, वरून रंग मारलेली. काही ठिकाणी नवीन फेल्टही घातलं नव्हतं. सवलतीसाठी रूफरने भरून द्यायचा पीसी०६८ हा टेक्ससचा फॉर्म तो इतके दिवस का टाळत होता, ते तेव्हा कळलं.

तक्रार कुठे करायची, हा पुढचा धक्का. केस कापायला टेक्ससमध्ये राज्याचं लायसन्स लागतं, छप्पर घालायला लागत नाही. त्यामुळे रद्द करायला लायसन्सच नाही. आम्ही अटर्नी जनरलच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या, ग्राहक विभागाकडे आणि राज्याच्या विमा खात्याकडे तक्रारी दिल्या, आणि ग्राहक कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस पाठवली. कंपनीचा पत्ता शोधत गेलो तर तिथे भाड्याच्या टपालपेट्यांचं दुकान निघालं. गारपिटीच्या मागे गावोगाव फिरणाऱ्या या लोकांना इथे स्टॉर्म चेसर म्हणतात. फोन नंबर बंद होता, ट्रकवरची नावाची पाटी तर चुंबकाचीच होती.

आता जस्टिस कोर्टात, म्हणजे छोट्या दाव्यांच्या स्थानिक कोर्टात, दावा लावतो आहोत. तिथे २०,००० डॉलरपर्यंतचे दावे चालतात आणि वकील सक्तीचा नाही. विमा कंपनीला सगळे खरे कागद दिले, त्यांनी घसाऱ्याच्या ७,०००साठी मुदत वाढवून दिली आहे. चिमणीचं काम दुसऱ्या, याच गावात दुकान असलेल्या माणसाला दिलं. त्याने डिडक्टिबलचा चेक आधी मागितला. करार मात्र आम्ही दोघांनी मिळून वाचला, आणि ती ठळक सूचना कुठल्या पानावर आहे ते त्यानेच बोट ठेवून दाखवलं.