नवजात बाळाच्या प्लेटलेट्स घसरल्या: आईच्या द्यायच्या, की रक्तपेढीतल्या?

समजा, गडहिंग्लजहून कोल्हापुरात आणलेलं बाळ. अंगावर लाल-जांभळे ठिपके, प्लेटलेट्स २०,००० आणि आईच्या मात्र व्यवस्थित. वडिलांकडून आलेलं एक प्रथिन बाळाच्या प्लेटलेट्सवर आहे, आईच्या नाही. तिच्या अँटिबॉडीज वारेतून जाऊन त्या नष्ट करतात. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असताना लाल पेशींचं होतं तसंच, पण इथे पहिलं बाळंतपणही सुटत नाही.

आईच्या प्लेटलेट्सवर ते प्रथिन नसल्याने त्या बाळाच्या अंगात टिकतात. पण अँटिबॉडीज तिच्याच प्लाझ्मात (रक्ताच्या पातळ भागात), म्हणून प्लेटलेट्स धुवायच्या, वर त्या पिशवीला रेडिएशन द्यायचं, म्हणजे आईच्या पांढऱ्या पेशी बाळावर उलटत नाहीत. ओल्या बाळंतिणीला प्लेटलेट्स काढायच्या मशीनशी झोपवायचं ते वेगळंच. ही सोय प्रत्येक रक्तपेढीत नसते.

रक्तपेढीतल्या प्लेटलेट्स बहुधा लवकर संपतात, तरी आकडा काही काळ वर नेतात. धोका मेंदूतल्या रक्तस्रावाचा आहे, त्यामुळे मला विचाराल तर आधी मिळेल ती पिशवी. जोडीला बाळाला इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीजचं औषध), पण त्याचा गुण यायला एखाद-दोन दिवस लागतात. (बाही वर करून पहिले पुढे येतात ते बाळाचे वडील, नेमक्या त्यांच्याच प्लेटलेट्स नकोत.)

पुढच्या गरोदरपणात हे डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा. आईला दर आठवड्याला इम्युनोग्लोब्युलिन देता येतं.