गिरणीसाठी पोस्टचे विषय कुठे मिळतात : फुकट साधनांची तपासणी आणि पोस्टर ॲपबद्दल एक इशारा

दळण, मसाला कांडप आणि सणाला भाजणी करून देणारी गल्लीतली गिरणी. अशा दुकानाने फेसबुकवर, इन्स्टावर, स्टेटसला टाकायचं तरी काय? 'शुभ सकाळ' आणि सणाच्या शुभेच्छांपलीकडे बहुतेकांची गाडी जात नाही. विषय सुचवणारी साधनं आता ढिगाने आहेत. ती किती विषय देतात याला इथे महत्त्व दिलेलं नाही. आपलं गिऱ्हाईक नेमकं काय विचारतंय हे ती दाखवतात का, एवढाच निकष लावला आहे.

व्हॉट्सॲप बिझनेस : ५ पैकी ४.५

हे ॲप २०१८ पासून आहे आणि दुकानदार ते 'ऑर्डर घ्यायचं ॲप' म्हणूनच वापरतात. खरं तर विषयांची सगळ्यात मोठी खाण याच फोनमध्ये असते. चॅट दाबून धरलं की लेबल लावता येतं. लेबलं २० पर्यंत बनवता येतात, पण पाच-सहा पुरतात: भाजणी, मसाला, उपासाचं दळण, दर, वेळ, तक्रार. महिन्याभराने सगळ्यात जास्त चॅट ज्या लेबलाखाली जमतील, तो पुढच्या महिन्याचा मुख्य विषय.

जुने प्रश्न शोधायचे तर वरच्या शोधपट्टीत 'किती', 'कधी', 'मिळेल का', 'चालेल का' हे शब्द टाका. बरीच गिऱ्हाइकं मराठी रोमन लिपीत लिहितात, म्हणून तेच शब्द रोमनमध्येही शोधावे लागतात. तेवढं केलं नाही तर बरेच प्रश्न हाती लागणारच नाहीत. व्हॉइस नोटमध्ये विचारलेलं शोधात येत नाही. तिचं उत्तर देताना प्रश्न एका ओळीत टाइप करून मग उत्तर द्यायचं, म्हणजे तोही पुढे सापडतो.

दुसरं अंग क्विक रिप्लायचं, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या उत्तरांचं. असे ५० तयार ठेवता येतात आणि '/' टाइप केलं की यादी उघडते. एखादं उत्तर क्विक रिप्लाय करावंसं वाटलं, म्हणजे ती पोस्ट झालीच म्हणून समजा. चकलीच्या भाजणीचं प्रमाण घ्या: तांदूळ १ किलो, हरभरा डाळ अर्धा किलो, उडीद डाळ पाव किलो, वर धणे-जिरे. घरोघरी थोडाफार फरक असतो आणि त्यावर खाली कमेंटमध्ये वाद होतो. होऊ द्यावा. त्याच उत्तरातून आणखी तीन पोस्ट निघतात: धुतलेलं धान्य सावलीत पूर्ण वाळवायचं, प्रत्येक जिन्नस वेगवेगळा भाजायचा, आणि गरम असताना दळायला आणायचा नाही.

तक्रारीचं लेबल तर सोडूच नये. 'बाजरीवर गहू दळला, पीठ काळपट आलं' ही गिरणीची नेहमीची कटकट. त्याचं उत्तर म्हणजे वेळापत्रकाची पोस्ट: ज्वारी-बाजरी कोणत्या वेळेला, गहू कोणत्या, आणि राजगिरा-वरईचं उपासाचं दळण चक्की साफ करून कोणत्या वारी. ही पोस्ट लोक जपून ठेवतात, शुभेच्छांची ठेवत नाहीत.

अर्धा गुण कापला तो पोहोचेसाठी. गिऱ्हाइकाने तुमचा नंबर सेव्ह केलेला नसेल तर ब्रॉडकास्ट (एकदम अनेकांना पाठवलेला निरोप) त्याच्यापर्यंत जातच नाही, स्टेटसचंही तेच. पावतीवर 'नंबर सेव्ह करा' छापणं हा स्वस्त उपाय.

गूगल बिझनेस प्रोफाइल : ५ पैकी ४

ही गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी दुकानाची नोंद. ज्या खात्यावरून ती केली त्याच खात्यातून गूगलवर दुकानाचं नाव शोधा आणि 'परफॉर्मन्स' उघडा. लोक कोणते शब्द शोधत तुमच्या नोंदीपर्यंत आले, त्याची यादी तिथे दिसते. आकडे महिन्याच्या महिन्याला बदलतात. थोड्या वेळा शोधलेल्या शब्दापुढे नेमका आकडा न येता '१५ पेक्षा कमी' असं दिसतं. त्या ओळी सोडून देऊ नका. 'पिठाची गिरणी' वरच्या क्रमांकावर असणारच, त्यात नवीन काही नाही. खाली 'नाचणी पीठ' किंवा 'मसाला कांडप' दिसलं तर तो विषय.

पोस्टमध्ये १५०० अक्षरं मावतात, पण यादीत सुरुवातीच्या ओळीच दिसतात. दर आणि वार तिथेच यायला हवेत. मजकुरात फोन नंबर लिहिला तर पोस्ट नाकारली जाऊ शकते, त्यापेक्षा कॉलचं बटण जोडा. फोटो ४:३ आडवा आणि आपल्याच दुकानातला असावा. ब्याडगी, संकेश्वरी आणि लवंगी शेजारी शेजारी ताटात ठेवून रंग कशाने येतो आणि तिखटपणा कशाने, हे दोन ओळींत सांगितलं तरी काम होतं. उन्हाळ्यात मिरची पुरेशी वाळली की नाही हे कसं ओळखायचं, हा त्याचाच पुढचा भाग. मोडताना कट्ट आवाज आला नाही तर ती आणखी वाळवा, कारण ओलसर मिरची कुटताना चिकटते.

गूगल ट्रेंड्स : ५ पैकी ३

एखादा शब्द लोक कधी जास्त शोधतात, याचा आलेख हे साधन दाखवतं. म्हणजे ते विषय देत नाही, वेळ देतं. प्रदेश महाराष्ट्र ठेवा. गावाचं नाव टाकलं तर बहुतेकदा पुरेशी माहिती नसल्याचा निरोप येतो. कालावधी ५ वर्षं घ्या. 'चकली भाजणी' देवनागरीत आणि रोमनमध्ये वेगळी शोधा, कारण दोन्ही आलेख निराळे धरले जातात. ० ते १०० हे शोधांचे आकडे नसून तुलनेचे आहेत, त्यामुळे शिखराची उंची बघण्यात अर्थ नाही, आठवडा बघा.

इथे एक चूक हमखास होते. पाककृतीचा शोध दिवाळीच्या तोंडावर चढतो, पण गिरणीचं गिऱ्हाईक त्याआधी धान्य धुऊन वाळवत असतं. शिखराच्या आठवड्यात टाकलेली भाजणीची पोस्ट उशिराची ठरते, दोन-तीन आठवडे आधी टाकायला हवी. शिवाय मागच्या वर्षीची तारीख उचलून चालत नाही. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने ती १४ सप्टेंबरला. मोदकाच्या पिठीची पोस्टही त्या हिशेबाने सरकते.

एआय चॅट : ५ पैकी २

'गिरणीसाठी ३० पोस्ट सुचवा' म्हटलं तर कुठल्याही दुकानाला लावता येईल अशी यादी मिळते आणि तिची मराठी भाषांतर केल्यासारखी असते. आपलेच दहा प्रश्न चिकटवून 'यातल्या प्रत्येकाचं उत्तर चार ओळींत बसव' म्हटलं तर बरं काम करतं. प्रमाणं आणि 'मधुमेहावर गुणकारी' छापाचे दावे मात्र जसेच्या तसे उचलू नका.

सणांची तयार पोस्टर देणारी ॲप : ५ पैकी १

नाव-नंबरची पट्टी आपोआप लागते, एवढीच सोय. तेच चित्र शेजारच्या मोबाइलवाल्याच्या आणि समोरच्या मेडिकलच्या स्टेटसला असतं. पंचांगाचा घोळ वेगळाच. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. उत्तरेचं कॅलेंडर लावलेलं ॲप श्रावणाचं पोस्टर आपला श्रावण लागायच्या पंधरवडा आधी पुढे करतं. तिकडचं वटसावित्रीचं व्रत अमावास्येला, आपली वटपौर्णिमा पौर्णिमेला. बैलपोळा, बेंदूर, वसुबारस असेल की नाही याची खात्री नाही. अक्षरंही बघून घ्या: 'पुऱ्या', 'भाकऱ्या' यातला ऱ्य फुटला असेल तर तो फॉन्ट मराठीसाठी तपासलेलाच नाही. 'मुक्त' (Mukta) किंवा 'बलू' (Baloo) हे फॉन्ट घेतले तर सहसा अडत नाही.

सुट्टीची सूचना देण्यापुरतं असं ॲप चालून जातं. 'पहिला महिना १ रुपया' म्हणून घेतलं असेल तर यूपीआय ॲपमधल्या ऑटोपे यादीत जाऊन मँडेट (पैसे आपोआप कापायला दिलेली परवानगी) रद्द करा. फोनमधून नुसतं ॲप काढून टाकल्याने पैसे कापले जाणं थांबत नाही.