पॉवर बीआयला अझूर एसक्यूएल जोडताय? इम्पोर्ट की डायरेक्टक्वेरी ते आधी ठरवा

पॉवर बीआय म्हणजे मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं टूल आणि अझूर एसक्यूएल म्हणजे त्यांच्याच क्लाऊडवरचा डेटाबेस. पॉवर बीआयच्या गेट डेटात जाऊन अझूर एसक्यूएल डेटाबेस निवडला, सर्व्हरचं नाव टाकलं की खाली दोन पर्याय दिसतात, इम्पोर्ट (डेटाची कॉपी पॉवर बीआयमध्ये आणायची आणि ती ठरलेल्या वेळी रिफ्रेश करायची) आणि डायरेक्टक्वेरी (कॉपी न करता दरवेळी थेट डेटाबेसलाच विचारायचं). बरेच जण तिथे फार विचार न करता पुढे जातात आणि मग महिनाभराने बोंब मारतात. डायरेक्टक्वेरीवरून इम्पोर्टवर येणं सोपंय, उलटं तेवढं सोपं नाही, म्हणून सुरुवातीलाच दहा मिनिटं घालवा.

मला हे काम पडलं एका डिस्ट्रिब्युटरकडे. बिलिंगचा सगळा डेटा अझूरवर (पुण्याच्याच रीजनमध्ये, म्हणजे अंतराची काही अडचण नाही) आणि मालकांची एकच मागणी, सगळं लाईव्ह पाहिजे. मीही हो म्हणालो आणि चालू बिलिंग डेटाबेसलाच डायरेक्टक्वेरी लावली. पानावर १२ चार्ट होते. डायरेक्टक्वेरीत प्रत्येक चार्ट स्वतःची किमान एक क्वेरी मारतो आणि स्लायसरवर (पानावरच्या फिल्टरवर) क्लिक केलं की सगळे परत मारतात. डेटाबेस होता एस झिरो या छोट्या प्लॅनचा, म्हणजे फक्त १० डीटीयूचा (डीटीयू म्हणजे डेटाबेसची ताकद मोजायचं एकक). दुपारी काउंटरवरून फोन, अहो बिल सेव्ह होईना. अझूरचं पोर्टल उघडलं तर डीटीयूचा आलेख १०० टक्क्यांना चिकटलेला, कारण आत केबिनमध्ये मालक, त्यांचा मुलगा आणि अकाउंटंट तिघंही तोच रिपोर्ट खेळत बसलेले. चूक माझीच, दुसरं कोण.

मग मालकांना विचारलं, तुम्ही बघता कधी? सकाळी आल्यावर, जेवणानंतर आणि शटर पाडायच्या आधी. म्हणजे दिवसाला तीनदा! पॉवर बीआयच्या प्रो लायसन्सवर इम्पोर्टला दिवसात ८ शेड्यूल्ड रिफ्रेश मिळतात, प्रीमियमवर ४८. तीनदा बघणाऱ्याला ८ भरपूर झाले. इम्पोर्टमध्ये डेटा कॉम्प्रेस होऊन पॉवर बीआयच्याच पोटात जातो, क्लिक केलं की लगेच उत्तर, आणि बिलिंगवर लोड येतो तो फक्त रिफ्रेशपुरता. डॅक्सवरही (पॉवर बीआयची फॉर्म्युल्यांची भाषा) बंधनं कमी. अट एवढीच की प्रोवर मॉडेल, म्हणजे आत आणलेला सगळा डेटा, १ जीबीच्या आत बसायला हवं. ते बसवायचं तर कोणी बघत नाही असे कॉलम काढून टाका, खास करून लांबलचक युनिक आयडी, ते फारसे कॉम्प्रेस होत नाहीत आणि बरीच जागा खातात. डेटा बऱ्याच वर्षांचा असेल तर इन्क्रिमेंटल रिफ्रेश (सगळा नाही, फक्त अलीकडचा डेटा परत आणणारा) लावा, प्रोवर चालतो.

खर्चाचं बघाल तर सर्व्हरलेस डेटाबेसवर (वापराप्रमाणे बिल येणारा अझूर एसक्यूएलचा प्रकार) फरक जास्त जाणवतो. कोणी वापरत नसलं की तो झोपतो आणि मग फक्त स्टोरेजचे पैसे लागतात. डायरेक्टक्वेरीवर कोणी ना कोणी रिपोर्ट उघडत राहतं त्यामुळे तो झोपतच नाही, मीटर चालू. पण इम्पोर्टलाही इथे एक खोड आहे, झोपलेल्या डेटाबेसला पहिलं कनेक्शन गेलं की ४०६१३ एरर येते आणि तो तेव्हा कुठे उठायला लागतो, म्हणजे सकाळी ७ चा रिफ्रेश फेल. सलग ४ वेळा फेल झाला की शेड्यूलच बंद पडतं. रिफ्रेशच्या थोडं आधी एखादी बारीक क्वेरी मारून त्याला उठवून ठेवायचं.

फायरवॉलचा त्रास दोन्हीकडे सारखाच. अझूरची फायरवॉल परवानगी दिलेल्या आयपी पत्त्यांनाच आत सोडते, त्यामुळे घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलला की लॅपटॉपवरचं पॉवर बीआय डेस्कटॉप कनेक्ट होत नाही. गेटवे (बंद नेटवर्कमधला डेटा पॉवर बीआयपर्यंत पोचवणारं मधलं सॉफ्टवेअर) मात्र डेटाबेसला इंटरनेटवरचा पब्लिक पत्ता असेल तर लागत नाही.

वेळेचा त्रासही दोन्हीकडे तसाच. पॉवर बीआयची ऑनलाईन सर्व्हिस चालते यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) आणि अझूर एसक्यूएलचं गेटडेट, म्हणजे आत्ताची वेळ देणारं फंक्शन, पण यूटीसीच देतं, त्यामुळे 'आजची विक्री' पहाटे साडेपाचपर्यंत कालचीच दिसते. तारीख डॅक्समधून घेतली असेल तर लॅपटॉपवर सगळं बरोबर असतं म्हणून लक्षातच येत नाही. यूटीसी घेऊन त्यात ५ तास ३० मिनिटं मिळवा आणि मग तारीख काढा.

डायरेक्टक्वेरी वाईट आहे असं नाही. गोडाऊनमध्ये कुठली गाडी सुटली कुठली राहिली हे बघायला रिफ्रेशची वाट बघून चालत नाही, तिथे तीच हवी, पण पानावर दोन-तीनच चार्ट ठेवा आणि स्लायसरला अप्लाय बटण लावा. किंवा डेटा इतका अवाढव्य असेल की १ जीबीत बसायचा प्रश्नच येत नाही, तेव्हाही. फक्त एका क्वेरीतून १० लाखांवर ओळी आल्या तर चार्ट एरर देतो.

आमच्याकडे शेवटी जुनी बिलं इम्पोर्ट आणि डिस्पॅचचं एकच टेबल डायरेक्टक्वेरी, असं मिश्र मॉडेल केलं. ग्राहक आणि मालाची टेबलं ड्युअलवर, म्हणजे गरजेप्रमाणे दोन्ही पद्धतींनी चालणारी. कोपऱ्यात 'शेवटचा रिफ्रेश' असं कार्ड टाकलं, आपल्या वेळेत, आणि त्यानंतर मालकांनी लाईव्हचं नाव काढलेलं नाही.