वॉटरप्रूफ बूट, बायकोची चारशेची प्लास्टिक चप्पल आणि आमचं वर्षभराचं फिरणं

मागच्या मे मध्ये ट्रेकिंगचे बूट घेतले, २६०० रुपयांना, कंपनीचं नाव सांगत नाही कारण पुढं शिव्या पण घातल्यात. बॉक्सवर मोठ्या अक्षरात वॉटरप्रूफ. आता वर्ष झालं, सगळे ऋतू बघून झाले, म्हणून लिहितोय.

पहिली परीक्षा जुलैत पन्हाळ्यावर. घरापास्नं वीसेक किलोमीटर, त्यामुळं पाऊस लागला की आमची वरात तिकडंच, मी, बायको, दोन पोरं आणि पिशवीत भडंग. (२०२५ ला जागतिक वारशाच्या यादीत गेलाय गड, पण आम्हाला तो झुणका भाकरीसाठीच जवळचा.) तर तीन दरवाजापास्नं खाली उतरताना शेवाळलेल्या दगडावर पाय असा सटकला की डायरेक्ट बूड टेकलं, पोरगी खी खी हसायला लागली. सोलच्या खाचा चांगल्या खोल आहेत हो, चिखलात मस्त धरतात, पण रबर कडक आहे आणि ओल्या दगडावर कडक रबर म्हणजे साबण. बायको मात्र आठवडी बाजारातली चारशेची प्लास्टिकची चप्पल घालून माझ्या पुढं, एकदाही घसरली नाही, आणि वर म्हणते, हात देऊ का?

आणि वॉटरप्रूफचं म्हणाल तर पहिला तासभर खरंच पाणी आत आलं नाही. मग पँटवरनं ओघळून घोट्याकडनं आत गेलं आणि जे गेलं ते तिथंच राहिलं, कारण जो पडदा बाहेरचं पाणी अडवतो तोच आतलं बाहेर जाऊ देत नाही, म्हणजे दोन पायात दोन बादल्या. दुसऱ्या दिवशी पेपर कोंबून गॅलरीत ठेवले, चार तासांनी पेपर बदलले, तरी दोन दिवस लागले आणि वास तर विचारू नका. घाई करून गॅसजवळ ठेवू नका, माझ्या मित्रानं ठेवले आणि सोल जिभेसारखा लोंबायला लागला.

त्यामुळं पन्हाळा ते पावनखिंड पायी जायचा विचार असेल (१६६० ला महाराज ह्याच वाटेनं भर पावसाच्या रात्री विशाळगडाकडं गेले, आज लोकं दोन दिवसात करतात) तर हे बूट नकोच. भाताच्या खाचरातनं, ओढ्यातनं जायचं असतं, तिथं पाणी आत येणारच, ते बाहेर पण पडलं पाहिजे. आणि कोल्हापुरी घालून कोण जाणार नाही, ती पावसात घालायची नसते हे शेंबड्या पोराला पण माहितीय.

पण ऑक्टोबरला मसाई पठारावर मी ह्याच बुटांना मनातल्या मनात सॉरी म्हटलं. सोनकी फुललेली, वारा असला की पोराची टोपी उडाली ती पांडवदऱ्याच्या बाजूला गेली, खाली सगळा खडबडीत जांभा आणि तो कोरडा असला की बूट चिकटल्यासारखे चालतात. डिसेंबरात राधानगरी दाजीपूरला पण तसंच, सकाळच्या दवानं गवत ओलं होतं पण मोजे कोरडे, तिथं वॉटरप्रूफचे पैसे वसूल. गवा लांबनं दिसला, पोरगा म्हणाला म्हैस आहे.

यंदा चैत्रात जोतिबाला पायी चढलो. घोट्याला आधार चांगला, टाच कुठं घासली नाही, कारण एक नंबर मोठा घेतलेला, उतरताना अंगठा पुढं आपटत नाही. घ्यायला संध्याकाळीच जा, दिवसभर चालून पाय जरा फुगलेला असतो, तेव्हाचं माप खरं. फक्त देवळाच्या दारात गर्दीत वाकून लेस सोडत बसायचं म्हणजे मागचे लोकं ढकलतात, तेवढं सहन करा. आणि जाळीत गुलाल बसला तो बसला, तीनदा ब्रशनं घासलं तरी ग्रे बूट आता गुलाबीच आहेत, ह्याचा दोष कंपनीला नाही, चांगभलं!

पाचात साडेतीन स्टार. जून आलाय, बूट पिशवीत बांधून माळ्यावर टाकलेत आणि रविवारी बाजारात माझ्या मापाची प्लास्टिक चप्पल बघायला चाललोय, बायकोला अजून सांगितलं नाही.