स्टारलिंक घ्यायचे तर जिओमार्फत की एअरटेलमार्फत?

स्टारलिंकच्या उपग्रह इंटरनेटसाठी अमेरिकेच्या स्पेसएक्स कंपनीशी भारती एअरटेलने 11 मार्च 2025 रोजी करार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी जिओनेही तसाच करार जाहीर केला. दोन्हीकडे उपग्रह तेच आणि डिशही तीच असल्याने वेगाच्या बाबतीत या दोघांची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. फरक आहे तो उपकरण कोण विकणार, छपरावर ते कोण बसवून देणार आणि बंद पडल्यावर दाद कोणाकडे मागायची याचा.

घरगुती ग्राहकासाठी मला जिओची घोषणा अधिक नेमकी वाटते. आपल्या दालनांतून आणि ऑनलाइन दुकानातून उपकरणे विकण्याबरोबरच ती बसवून सेवा चालू करून देण्यासाठी यंत्रणा उभारू, असे तिच्यात म्हटले आहे, आणि आडगावात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरते. एअरटेलची भाषा सावध आहे: दालनांतून विक्री, व्यावसायिक ग्राहकांना सेवा, शाळा व आरोग्य केंद्रांची जोडणी आणि स्वतःच्या जाळ्याचा विस्तार या शक्यता आपण तपासून पाहू, एवढेच ती सांगते. मात्र कारखाना, रुग्णालय किंवा मोठ्या संस्थेसाठी एअरटेलचे पारडे जड होते. भारती समूहाची युटेलसॅट वनवेब या उपग्रह इंटरनेट सेवेत भागीदारी असून, सुमारे 1,200 किलोमीटर उंचीवरची ती सेवा प्रामुख्याने संस्था आणि सरकारी ग्राहकांसाठी आहे. त्यामुळे एकाच विक्रेत्याकडे दोन पर्याय मागता येतात. जिओचाही एसईएस या कंपनीबरोबर मध्यम कक्षेतील उपग्रहांसाठी संयुक्त उपक्रम आहे.

दोघांपैकी कोणाकडेही जाण्याआधी दारापर्यंत फायबर येते का, हे विचारावे. येत असेल तर फायबरच घ्यावे. जिओनेही स्टारलिंकला आपल्या फायबर आणि एअरफायबर (केबलऐवजी बिनतारी लहरींनी घरात येणारे इंटरनेट) सेवांची पूरक जोड मानले आहे. स्टारलिंकचे उपग्रह जेमतेम 550 किलोमीटरवरून फिरत असल्याने, सुमारे 36,000 किलोमीटरवरच्या जुन्या उपग्रह सेवांसारखा उशीर होत नाही आणि व्हिडिओवरचे बोलणे सुरळीत चालते, हे खरे. पण डिशला आकाश मोकळे लागते. कोकणात माडांनी वेढलेल्या घराच्या मालकाने स्टारलिंकच्या ॲपमधून मोबाइलचा कॅमेरा आकाशाकडे फिरवून पाहावा, म्हणजे कोणत्या फांद्या आड येतात ते ॲप दाखवते. मुसळधार पावसात जोडणी काही वेळ तुटू शकते. शिवाय नेहमीच्या डिशला साधारण 75 ते 100 वॅट वीज सतत लागते, त्यामुळे भारनियमनाच्या भागात इन्व्हर्टरचा खर्चही हिशेबात धरावा.

गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिवमधील शासकीय शाळा किंवा आरोग्य केंद्रांनी तर स्वतःचा निधी लगेच खर्च करू नये. नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने अशा जिल्ह्यांतील शासकीय संस्था आणि ग्रामीण भाग जोडण्यासाठी थेट स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली आहे. त्यात आपली संस्था येते का, याची चौकशी आधी जिल्हा परिषदेत करावी.

बाकीच्यांनी दालनात पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: बसवण्याचा खर्च किमतीत धरला आहे का, भर पावसाळ्यात डिश बिघडली तर ती किती दिवसांत बदलून मिळेल, आणि मासिक बिल विक्रेत्याच्या नावाने येणार की स्टारलिंकच्या.